किल्ली कुठे ठेवायची? एका भाषा-मास्तरांची गोष्ट आणि आपला ॲडमिन पासवर्ड

टर्मिनलवरचं एखादं टूल ॲडमिनचा पासवर्ड मागतं, तेव्हा समोर माणूस बसलेला असेल तर प्रश्नच नसतो. टाइप केला, एंटर मारलं, झालं. पण रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या बॅकअप स्क्रिप्टला पासवर्ड कोण देणार? तिच्यासाठी तो आधीच कुठेतरी ठेवून द्यावा लागतो. कुठे, हाच आजचा विषय. इंटरनेटवर शोधलं तर काही जण सांगतात, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाक. दुसरे म्हणतात, ते तर चुकूनही करू नको. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे. कसं, ते समजून घ्यायला मी तुम्हाला अशा एका माणसाकडे नेतो ज्यांनी कॉम्प्युटर कधी पाहिलाच नाही. ते १९०३ साली वारले. पण सायबर सिक्युरिटीचा कुठलाही कोर्स घ्या, पहिल्या काही धड्यांत त्यांचं नाव येतंच.

आधी माझ्याकडे हा प्रश्न कुठून आला ते सांगतो. मी गोंडपिपरीत राहतो आणि इथल्या एका छोट्या संस्थेचा सर्व्हर सांभाळतो, बऱ्याचदा फोनवरच्या टर्मक्समधून. संस्था गावोगावच्या वनहक्क दाव्यांचे कागद स्कॅन करून ठेवते. २००६ च्या कायद्याखाली कोणत्या कुटुंबाचा किती जमिनीवर दावा आहे, ग्रामसभेचा ठराव कधी झाला, कोणता कागद जोडला आणि कोणता बाकी आहे, हे सगळं एका डेटाबेसमध्ये. अशा डेटाबेसची ॲडमिन किल्ली भलत्याच्या हाती गेली तर चोरीची भीती नंतरची. पहिली भीती ‘ध’ चा ‘मा’ होण्याची. एका ओळीत क्षेत्र बदललं, एका ठरावाची तारीख सरकवली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, तर एखाद्या म्हाताऱ्याने वर्षानुवर्षं तहसीलला मारलेल्या चकरा पाण्यात.

तर आता त्या माणसाबद्दल.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांचा जन्म १९ जानेवारी १८३५ चा, न्यूट नावाच्या गावातला. हे गाव आज नेदरलँड्सच्या लिंबुर्ख प्रांतात येतं. नकाशा उघडून बघा, हा प्रांत बेल्जियम आणि जर्मनीच्या मधे पाचर मारल्यासारखा घुसलेला आहे. अशा ठिकाणच्या माणसाला भाषा शिकाव्या लागत नाहीत, त्या अंगाला चिकटतात. आम्हाला हे नवीन नाही. वर्धा नदी ओलांडली की तेलंगणा, आणि आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी एकाच दुकानापुढे ऐकू येते. केर्कहॉफ्स पुढे बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात शिकले, आणि भाषा शिकवणं हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा झाला. १८६३ च्या सुमारास ते फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या मलँ नावाच्या गावी शाळेत आधुनिक भाषांचे मास्तर म्हणून लागले. तिथेच लग्न झालं, संसार झाला, आयुष्याची दहाएक वर्षं तिथे गेली. इंग्रजी शिकव, जर्मन शिकव, संध्याकाळी गावातल्या लोकांसाठी फुकट वर्ग घे. आपल्याकडच्या तालुक्याच्या शाळेतला उत्साही मास्तर डोळ्यांसमोर आणा, तसंच काहीसं.

अशा माणसाला गुप्त लिपीचं वेड कुठून लागलं? माझा अंदाज असा की भाषा आणि गुप्त लिपी यांच्यात अंतर फार नसतं. करपल्लवी, नेत्रपल्लवी हे शब्द आपल्या भाषेत आहेतच. शाळेत प्रत्येक शब्दामागे एखादं अक्षर घुसवून बोलायची ‘च’ची भाषा आपण सगळेच बोललोय. ज्याला व्याकरण आवडतं त्याला ते मोडायलाही आवडतं. पण केर्कहॉफ्स यांच्या बाबतीत काळानेही धक्का दिला. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा सपशेल पराभव केला. त्या पराभवानंतर फ्रान्समध्ये जो तो विचारू लागला की आपलं कुठे चुकलं. तोफा, रेल्वे, नकाशे, सगळ्याची झाडाझडती सुरू झाली, आणि त्यात निरोपांचाही नंबर लागला.

निरोप म्हणजे आता तार. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घोडेस्वार चिठ्ठी घेऊन जातो तेव्हा चिठ्ठी एका माणसाच्या कमरेला असते. तारेने निरोप पाठवला की तो दहा हातांतून जातो, आणि खांबावरची तार तर रानात उघडीच पडलेली असते. आमच्याच भागातलं उदाहरण देतो. १८५८ साली चांद्याच्या रानात बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्या एप्रिलमध्ये प्राणहितेच्या काठी चिंचगुडीजवळ असलेल्या तारखात्याच्या छावणीवर त्यांच्या माणसांनी हल्ला चढवला, त्यात दोन इंग्रज तार-कर्मचारी मारले गेले. ही प्राणहिता म्हणजे आमच्या तालुक्याच्या टोकाला वर्धा आणि वैनगंगा मिळून जी नदी होते तीच. शेडमाक्यांना त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. केर्कहॉफ्स तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि त्यांना हे काही ठाऊक असण्याचा संबंध नाही. मला सांगायचंय ते एवढंच की तारेची छावणी, तिथली यंत्रं, तिथली सांकेतिक पुस्तकं ही शत्रूच्या हाती पडू शकतात, ही कल्पनेतली भीती नव्हती. युरोपातही नाही आणि आमच्या सागवानाच्या रानातही नाही.

मग काय करायचं? त्या काळच्या सेनाधिकाऱ्यांचं उत्तर असायचं की आपली पद्धतच कोणाला कळू द्यायची नाही. कुठलं अक्षर कशाने बदलतं, चकती कशी फिरवतात, पुस्तक कुठलं, सगळं गुपित. ऐकायला बरं वाटतं. केर्कहॉफ्स यांनी तेच मोडून काढलं.

१८८३ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत फ्रान्सच्या एका लष्करी नियतकालिकात त्यांचा लष्करी गुप्तलेखनावरचा निबंध दोन भागांत छापून आला. तेव्हा ते पॅरिसमध्ये, वाणिज्याच्या एका उच्च शिक्षणसंस्थेत जर्मन शिकवत होते. फौजेत नोकरी नाही, हेरखात्याशी संबंध नाही. एक भाषा-मास्तर सेनापतींना सांगतोय की तुमचं गणित चुकतंय. निबंध लहानच आहे, पण त्यात त्यांनी जे ओळखलं ते तोवर कोणी इतक्या स्वच्छपणे मांडलं नव्हतं. दोन मित्रांनी आपापसात चार चिठ्ठ्या गुपित लिहिणं वेगळं आणि शेकडो माणसांच्या फौजेने वर्षानुवर्षं एकच पद्धत वापरणं वेगळं. पहिल्यात पद्धत लपवली तरी चालतं. दुसऱ्यात ती लपूच शकत नाही. कोणीतरी पकडला जातो, कोणी फितूर होतो, कोणाची बॅग हरवते, कोणी नोकरी सोडतो. म्हणून चांगल्या पद्धतीसाठी त्यांनी सहा अटी घातल्या.

सगळ्या सहा मी इथे समजावत बसत नाही. एक अशी की ती व्यवहारात तरी फुटू नये, एक अशी की तारेने पाठवता यावी, एक अशी की एकट्या माणसाला सोबत नेता यावी. आपल्या कामाच्या तीन. दुसरी अट, जिला आज जगभर ‘केर्कहॉफ्सचं तत्त्व’ म्हणतात: पद्धत गुप्त असण्याची गरजच पडू नये, ती शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडू नये. तिसरी: किल्ली कुठे लिहून न ठेवता सांगता यावी, लक्षात ठेवता यावी आणि मनात येईल तेव्हा बदलता यावी. आणि सहावी, जिच्याबद्दल लोक फार कमी बोलतात: वापरायला सोपी असावी, डोक्याला ताप नको आणि नियमांची लांबलचक यादी पाठ करायला नको.

दुसरी अट वाचा आणि आपल्या स्क्रिप्टकडे वळा. बॅकअपची स्क्रिप्ट म्हणजे पद्धत. ॲडमिनचा पासवर्ड म्हणजे किल्ली. स्क्रिप्ट तर कोणाच्याही हाती पडते. तुम्ही ती गिटहबवर टाकता, मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवता, पेनड्राइव्हमध्ये नेता. पासवर्ड तिच्या पोटातच लिहिलेला असेल तर पद्धतीसोबत किल्लीही गेली. आणि गिटमध्ये एकदा टाकलेली ओळ नंतर पुसली तरी जुन्या इतिहासात तशीच राहते, हे नवशिक्यांना फार उशिरा कळतं. साधारण २०११ च्या सुमारास हेरोकू कंपनीतल्या मंडळींनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ नावाची बारा नियमांची मांडणी केली. त्यात एक कसोटी आहे: तुमचा सगळा कोड या क्षणी जगापुढे उघडा केला तरी एकही पासवर्ड बाहेर पडायला नको. ही केर्कहॉफ्स यांची दुसरी अटच झाली, फक्त सव्वाशे वर्षांनी नवे कपडे घालून आलेली. आणि त्या मंडळींनी सुचवलेला उपाय होता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. ‘त्यातच टाक’ म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे ते इथपर्यंत.

आता हे व्हेरिएबल म्हणजे नक्की काय? युनिक्समध्ये, आणि म्हणून लिनक्समध्ये, आणि म्हणून तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही, प्रत्येक चालणाऱ्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. प्रोसेस जन्माला येते ती कुठल्यातरी दुसऱ्या प्रोसेसच्या पोटी. आई तिच्या पदरात एक शिदोरी बांधून देते. शिदोरीत जोड्या असतात: एक नाव आणि त्याची एक किंमत. घर कुठलं, भाषा कोणती, प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचे, असल्या गोष्टी. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. टर्मक्स उघडून ‘ईएनव्ही’ ही तीन अक्षरी कमांड इंग्रजी लिपीत टाइप करा, तुमच्या शेलची पूर्ण शिदोरी समोर येईल.

आता मायएसक्यूएलच्या टूलला पासवर्ड द्यायच्या दोन रीती शेजारी ठेवून बघू. पहिली, कमांडच्याच ओळीत पासवर्ड लिहायचा. हे म्हणजे भर बाजारात उभं राहून कुलपाचा नंबर ओरडून सांगणं. कारण साध्या लिनक्स सर्व्हरवर ‘पीएस’ कमांड दिली की कोणत्या प्रोसेसला कोणत्या शब्दांनी बोलावलंय हे त्या मशीनवरच्या कोणत्याही वापरकर्त्याला दिसतं. काही टूल्स चालू होताच तो शब्द पुसून टाकतात, पण मधला क्षण राहतोच. शिवाय हाताने टाइप केलेली ओळ शेलच्या हिस्टरी फाइलमध्ये जाऊन बसते ती वेगळीच. दुसरी रीत, पासवर्ड शिदोरीत बांधायचा आणि कमांडमध्ये काहीच लिहायचं नाही. मायएसक्यूएलसाठी त्या व्हेरिएबलचं नाव ‘मायएसक्यूएल-पीडब्ल्यूडी’, पोस्टग्रेससाठी ‘पीजीपासवर्ड’. आजच्या लिनक्सवर एका प्रोसेसची शिदोरी त्याच वापरकर्त्याला किंवा रूटलाच उघडून बघता येते. म्हणजे ओरडण्यापेक्षा खिशातली चिठ्ठी नक्कीच बरी.

पण चिठ्ठी ती चिठ्ठीच. आणि इथे केर्कहॉफ्स यांची तिसरी अट आडवी येते.

शिदोरीचा स्वभावच वाटून देण्याचा आहे. आईच्या शिदोरीत जे असेल त्याची प्रत प्रत्येक लेकराला मिळते, त्याच्या लेकराला मिळते, पार खालपर्यंत. तुम्ही पासवर्ड बांधला बॅकअपच्या टूलसाठी, पण त्याच स्क्रिप्टने पुढे फाइल झिप करणारा प्रोग्रॅम बोलावला, ईमेल पाठवणारा बोलावला, कुठूनतरी उतरवलेली एखादी छोटी स्क्रिप्ट बोलावली. त्या सगळ्यांच्या पदरात ॲडमिनचा पासवर्ड आहे. त्यांना तो नको होता, तुम्हालाही द्यायचा नव्हता. यातला एखादा प्रोग्रॅम कोसळला आणि त्याने कोसळताना आपली सगळी अवस्था लॉग फाइलमध्ये ओतली, तर त्यात शिदोरीही येते. आणि लॉग फाइल तर आपण मदत मागायला बिनधास्त कोणालाही पाठवतो! जुन्या काही युनिक्स प्रणालींवर ‘पीएस’ला एक अक्षर जोडलं की दुसऱ्यांच्या शिदोऱ्याही दिसायच्या. त्यामुळेच मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीत ही रीत अतिशय असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे आणि पोस्टग्रेसवालेही ती वापरू नका असं सांगतात. डॉकर वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की कंटेनरला दिलेली व्हेरिएबल्स ‘इन्स्पेक्ट’ कमांडने उघडी दिसतात. सिस्टमडीमध्ये सर्व्हिसच्या फाइलीत लिहिलेली व्हेरिएबल्स तर त्या मशीनवरचा साधा वापरकर्ताही वाचू शकतो. ‘चुकूनही करू नको’ म्हणणारे बरोबर आहेत ते इथे.

तुम्ही फोनवर हे करून बघाल तर एक फरक दिसेल. टर्मक्समध्ये ‘पीएस’ दिलं तर इतर ॲप्सच्या प्रोसेस दिसणार नाहीत, फक्त टर्मक्सच्या स्वतःच्या दिसतील. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक असतो, आणि सातव्या आवृत्तीपासून एका ॲपला दुसऱ्याच्या प्रोसेसकडे डोकावू देत नाहीत. त्यामुळे ‘माझ्या फोनवर तर काहीच दिसलं नाही, म्हणजे सर्व्हरवरही सेफ’ असा निष्कर्ष काढू नका बरं का. फोन म्हणजे प्रत्येकाची खोली वेगळी. सर्व्हर बहुतेक वेळा मोठा वाडा असतो, एकाच अंगणात सगळे.

केर्कहॉफ्स यांच्या आयुष्याकडे परत येतो, कारण त्यांचा निबंध जितका वाचला जातो तितकी त्यांची पुढची गोष्ट सांगितली जात नाही, आणि मला ती जास्त बोलकी वाटते.

निबंध छापला गेला, फ्रान्सच्या युद्ध खात्याने त्याची दखल घेतली, पुढच्या काही वर्षांत गुप्तलेखनाचा अभ्यास करणारी एक पिढीच तिथे तयार झाली. पण मास्तर स्वतः त्या वाटेवर फार थांबले नाहीत. त्यांना दुसरं वेड लागलं: व्होलाप्यूक. योहान मार्टिन श्लायर नावाच्या जर्मन कॅथलिक धर्मगुरूंनी १८७९ च्या सुमारास बनवलेली ही भाषा. साऱ्या जगाने एकमेकांशी बोलायला वापरावी म्हणून मुद्दाम घडवलेली. म्हणजे एका टोकाला कोणालाच कळू नये अशी लिपी आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यांना कळावी अशी भाषा, आणि मधे एकच माणूस! १८८५ च्या सुमारास ते त्यात पडले, फ्रेंच लोकांसाठी त्यांनी तिची पाठ्यपुस्तकं लिहिली आणि फ्रान्समध्ये ती भाषा झपाट्याने पसरली. १८८७ मध्ये म्युनिकला भरलेल्या परिषदेत व्होलाप्यूकची अकादमी स्थापन झाली आणि केर्कहॉफ्स तिचे संचालक झाले. १८८९ पर्यंत जगभरात व्होलाप्यूकची पावणेतीनशेच्या आसपास मंडळं असल्याचं सांगतात. त्या वर्षी पॅरिसला तिसरी परिषद भरली, आणि तिचं कामकाज व्होलाप्यूकमध्येच चाललं.

आणि तिथून ते सगळं कोसळलं. कारण काय, तर ॲडमिन कोण हा वाद. केर्कहॉफ्स आणि त्यांच्या बाजूच्यांना भाषा सोपी करायची होती, व्याकरणातली किचकट रूपं छाटायची होती. त्यांची सहावी अट आठवा, डोक्याला ताप नको. श्लायर यांना ते मान्य नव्हतं. भाषा आपण घडवली, तेव्हा अकादमी काहीही ठरवो, शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. अकादमीला तो नकाराधिकार द्यायचा नव्हता. आजच्या भाषेत, रूटचा पासवर्ड एका माणसाकडे आणि तो काही केल्या बदलता येत नाही. मंडळं फुटली, प्रत्येक सुधारकाने आपापली वेगळी भाषा काढली, बरेच जण १८८७ मध्येच आलेल्या एस्पेरांतोकडे गेले. काही काळाने केर्कहॉफ्सही संचालकपद सोडून बाजूला झाले. दोघांत चूक कोणाची? श्लायर यांची बाजू मी समजू शकतो. आयुष्य घालून घडवलेल्या गोष्टीवर दुसऱ्याने कात्री चालवली की कोणालाही झोंबणारच. तरी माझं मत केर्कहॉफ्स यांच्याकडे झुकतं. हजारो लोक जी गोष्ट वापरतात तिची किल्ली बदलायची सोय नसेल, तर ती गोष्ट त्या हजारोंची उरत नाही.

१९०३ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते वारले. व्होलाप्यूक जवळजवळ विसरली गेली होती. निबंध मात्र मरत नव्हता. १९४९ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी गुप्तलेखनाचं गणित मांडलं तेव्हा शत्रूला पद्धत माहीतच आहे असं धरूनच त्यांनी सुरुवात केली. आज तुमच्या व्हॉट्सॲपमधलं एन्क्रिप्शन ज्या पद्धतीवर चालतं तिचं वर्णन कोणालाही वाचता येतं, आणि तरी मेसेज फुटत नाही. ते याच विचारामुळे.

बरं, मग आपल्या रात्री दोनच्या स्क्रिप्टचं काय करायचं? किल्ली न लिहिता डोक्यात ठेवा ही मास्तरांची अट स्क्रिप्टला लागू करता येत नाही, तिला डोकं नाही. म्हणजे कुठेतरी लिहावं लागणार, फक्त शिदोरीत नको आणि स्क्रिप्टच्या पोटातही नको. जुन्या जाणत्या टूल्सनी यातून एक छान वाट काढली आहे: शिदोरीत किल्ली ठेवायची नाही, किल्ली कुठे मिळेल त्याचा पत्ता ठेवायचा. ‘सुडो’ घ्या. ते पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमधून घेतच नाही. उलट रूटचं काम सुरू करताना तुमची बरीचशी शिदोरी काढून ठेवतं, कारण त्यात कोणी काय बांधून दिलंय याचा त्याला भरोसा नाही. पण ‘सुडो-आस्कपास’ नावाचं एक व्हेरिएबल ते वाचतं, आणि त्यात असतं एका छोट्या मदतनीस प्रोग्रॅमचं नाव, जो पासवर्ड विचारून आणून देतो. ‘एसएसएच’मध्येही तसंच आस्कपास आहे. डॉकरच्या अनेक अधिकृत इमेजमध्ये पासवर्डच्या व्हेरिएबलच्या नावाला शेवटी ‘फाइल’ जोडलं की पासवर्डऐवजी फाइलचा पत्ता देता येतो. सगळ्यांचा विचार एकच. शिदोरी वाटली गेली तरी वाटला जातो तो पत्ता, आणि पत्त्यावरच्या दारावर पुन्हा राखण असते.

ही राखण म्हणजे फाइलच्या परवानग्या. पोस्टग्रेससाठी घरच्या फोल्डरमध्ये ‘पीजीपास’ नावाची लपवलेली फाइल ठेवतात. तिची परवानगी सहाशे, म्हणजे वाचणं आणि लिहिणं फक्त मालकाला, इतरांना काही नाही. ती त्याहून सैल असली तर पोस्टग्रेसचं टूल ती फाइल वाचायलाच नकार देतं. मला हा हट्टीपणा फार आवडतो. आमच्याकडे घराला कुलूप लावून किल्ली कवेलूखाली ठेवायची रीत आहे, आणि कवेलू कोणतं हे अख्ख्या टोलीला माहीत असतं. इथे कुलूपच सांगतं, किल्ली कवेलूखाली असेल तर मी उघडणार नाही.

आणि तरीही कधी व्हेरिएबल वापरायचीच वेळ आली, म्हणजे टूलला दुसरं काही कळतच नसेल, तर पूर्ण शेलला एक्स्पोर्ट करू नका. त्या एकाच कमांडच्या आधी, त्याच ओळीत, फाइलमधून वाचून द्या. मग ती शिदोरी फक्त त्या एका लेकराला मिळते, शेजारच्यांना नाही. हाताने द्यायचं असेल तर ‘रीड’ कमांडला अक्षरं न दाखवणारा पर्याय लावून घ्या, म्हणजे पासवर्ड पडद्यावरही येत नाही आणि हिस्टरीतही जात नाही. बॅकअपसाठी पूर्ण ॲडमिनचं खातं वापरायची तर गरजच नसते. फक्त वाचू शकेल असं वेगळं खातं काढा. किल्ली फुटली तरी ‘ध’ चा ‘मा’ करायची ताकद तिच्यात नको.

राहिली गोष्ट बदलण्याची. आमच्यासारख्या ठिकाणी तीच सगळ्यात अवघड. संस्थेत येणारी पोरं शिकतात, हुशार होतात, आणि मग चंद्रपूर, नागपूर, पुण्याला नोकरीला जातात. जायलाच पाहिजे. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही, पण जो गेला त्याच्या फोनमध्ये, जुन्या लॅपटॉपमध्ये, एखाद्या चॅटमध्ये किल्ली राहिलेली असते, आणि तो फोन उद्या कुठल्यातरी दुकानात विकला जाणार असतो. किल्ली एकाच फाइलमध्ये असेल तर बदलायला दोन मिनिटं लागतात: डेटाबेसमध्ये नवा पासवर्ड, फाइलमध्ये नवा पासवर्ड, बॅकअप एकदा हाताने चालवून बघायचा. तीच किल्ली सात स्क्रिप्टच्या पोटात असेल तर कोणी बदलत नाही, पुढच्या महिन्यावर ढकलतं. आमच्याकडे आता कोणी निरोपाचा चहा प्यायला की त्याच संध्याकाळी फाइल उघडून नवी किल्ली टाकतो, आणि जाणाऱ्या पोरालाच शेजारी बसवून बॅकअप नव्या किल्लीने चालतोय ना ते तपासून घेतो.